क्रोनोग्राफ सुरू केला की अडखळणारे घड्याळ : वापरलेल्या ‘फर्स्ट ओमेगा इन स्पेस’मधील वारंवार उद्भवणाऱ्या दोषाचे निवारण

‘फर्स्ट ओमेगा इन स्पेस’ या नावाने ओळखले जाणारे ओमेगा कंपनीचे स्पीडमास्टर हे घड्याळ वापरलेल्या स्थितीत विकत घेणाऱ्यांकडून एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत ऐकू येते. घड्याळ एरवी बरे चालते. क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातील स्टॉपवॉचची रचना, सुरू केला की काही मिनिटांत किंवा काही तासांत ते मागे पडू लागते, कधी पार थांबते आणि क्रोनोग्राफ बंद केला की जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते. याच्या जोडीला क्रोनोग्राफचे सेकंद दाखवणारा मधला लांब काटा शून्यावर न परतता थोडा अलीकडे किंवा पलीकडे थांबतो. घड्याळ दुरुस्त करून आणले तरी काही महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न, अशी स्थिती होते. दोष परत येण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : उपचार क्रोनोग्राफवर झालेला असतो आणि अशक्तपणा मूळ यंत्रात असतो.

पुढील विवेचन मुख्यतः २०१२ मध्ये आलेल्या ३९.७ मिलिमीटरच्या आवृत्तीला धरून आहे, जिच्यात हाताने चावी द्यावी लागणारे कॅलिबर १८६१ (कॅलिबर म्हणजे आतील यंत्राचा नमुना) आहे. १९६८ पासून वापरात आलेल्या कॅलिबर ८६१ च्या स्पीडमास्टरनाही ते जवळजवळ तसेच लागू पडते, कारण १८६१ हे त्याच यंत्राचे पुढचे रूप आहे. २०२४ मध्ये याच नावाने पुन्हा आलेल्या घड्याळात कॅलिबर ३८६१ आहे. त्याचे एस्केपमेंट (स्प्रिंगची ताकद ठोक्याठोक्याने सोडणारी रचना) को-ॲक्सियल या वेगळ्या पद्धतीचे असल्यामुळे आणि ते १५,००० गॉसपर्यंतच्या चुंबकीय क्षेत्राला दाद देत नसल्यामुळे येथील काही भाग त्याला लागू होत नाही.

ज्या घड्याळाची ही आठवण आहे ते अमेरिकी अंतराळवीर वॉली शिरा यांनी ३ ऑक्टोबर १९६२ रोजी ‘सिग्मा ७’ या मर्क्युरी यानातून पृथ्वीप्रदक्षिणा करताना मनगटावर बांधले होते. ते त्यांचे स्वतःचे घड्याळ होते. नासाने स्पीडमास्टरला अधिकृत मान्यता दिली ती त्यानंतर, १ मार्च १९६५ रोजी. त्या मान्यतेपूर्वी उष्णता, थंडी, निर्वात, कंपन आणि ४० जी इतके धक्के अशा चाचण्यांतून घड्याळे पार पडली होती, आणि याच इतिहासामुळे ग्राहकाची अशी समजूत होते की या वंशातील कोणतेही घड्याळ काहीही सोसेल. चाचणीत उतरलेल्या घड्याळांत कॅलिबर ३२१ हे वेगळे यंत्र होते आणि ती घड्याळे नवी होती. दहा-बारा वर्षे तेल न बदललेल्या यंत्राची हमी त्या चाचणीने कधीच दिलेली नाही. कंपनीची स्वतःची शिफारस साधारणपणे दर पाच ते आठ वर्षांनी संपूर्ण सर्व्हिसिंगची आहे, आणि वापरलेल्या घड्याळाच्या बाबतीत मागील सर्व्हिसिंगचा कागद हाती नसेल तर ते झालेलेच नाही असे धरून चालावे.

भार कोठून येतो

या यंत्रात ९ च्या जागी असलेल्या लहान सेकंद काट्याचे चाक मिनिटाला एक फेरी पूर्ण करते. त्याच चाकाच्या मागील बाजूस वाढवलेल्या आसावर आणखी एक बारीक दातांचे चाक बसवलेले असते, आणि त्याला जोडून एका तरफेवर बसलेले तिसरे चाक सतत फिरत राहते. वरचे बटण दाबले की ही तरफ आडवी सरकते आणि तिच्यावरील फिरते चाक मध्यभागी स्थिर असलेल्या क्रोनोग्राफच्या चाकात दात घालते. याला आडवा क्लच म्हणतात. त्या क्षणापासून मुख्य स्प्रिंगच्या ताकदीवर मधला लांब काटा, दर मिनिटाला पुढे ढकलले जाणारे मिनिटांचे चाक आणि ते चाक जागेवर धरणारी स्प्रिंग यांचा भार पडतो.

हा भार बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे झुलून वेळेचे नियमन करणाऱ्या चाकाच्या, झोक्यावर उमटतो. झोका म्हणजे बॅलन्स व्हील मध्यापासून एका बाजूला किती अंशांपर्यंत फिरते ते माप. सुस्थितीतील घड्याळात पूर्ण चावी दिल्यावर तबकडी वर ठेवून मोजलेला झोका सुमारे २७० अंश किंवा त्याहून अधिक असतो, आणि क्रोनोग्राफ सुरू केल्यावर त्यात २० ते ३० अंशांची घट होणे स्वाभाविक आहे. २७० चे २४५ झाल्याने काही बिघडत नाही. परंतु तेल सुकल्यामुळे मुळातच झोका १९० अंशांवर आलेला असेल, तर तीच घट त्याला १६० वर आणते. तेथे वेळेचे नियमन ढासळते आणि हाताचा एखादा हिसकाही बॅलन्स थांबवायला पुरतो. म्हणजे दोष क्रोनोग्राफ सुरू केल्यावर दिसतो, पण तो आधीपासूनच होता. केवळ झाकलेला होता.

अशा घड्याळावर घाईने केला जाणारा उपाय कोणता, हेही समजून घेतले पाहिजे. या यंत्रात दोन चाकांचे दात एकमेकांत किती खोल जावेत हे ठरवणारे, मध्यापासून बाजूला सरकलेले स्क्रू असतात. ते किंचित फिरवून दातांची पकड उथळ केली की भार कमी होतो आणि घड्याळ काउंटरवर उत्तम चालून दाखवते. ग्राहक समाधानाने घरी जातो. पुढे तेल आणखी सुकते आणि घड्याळ पुन्हा थांबू लागते. आता मात्र उथळ पकडीमुळे लांब काटा मधूनच थबकतो किंवा उडी मारतो, म्हणजे एका दोषाचे दोन होतात. माझ्या मते या तक्रारीच्या वारंवारतेमागे हीच मेहेरबानी सर्वाधिक असते.

कारागिराकडे जाण्यापूर्वी

सर्वप्रथम चावीची खात्री करावी. स्वयंचलित घड्याळांची सवय असलेले अनेक जण क्राउनला (चावी देण्याच्या बाजूच्या खुंटीला) दहा-पंधरा फेरे देऊन थांबतात. १८६१ ला चावी देताना शेवटी स्पष्ट अडसर जाणवतो आणि क्राउन पुढे जाईनासा होतो; तेथपर्यंत चावी द्यावी, त्यापुढे जोर लावू नये. रोज ठरावीक वेळी ही चावी दिल्याने तक्रार नाहीशी झाली, तर प्रश्न तेथेच मिटला.

त्यानंतर चुंबकत्व पाहावे. या यंत्राची हेअरस्प्रिंग (बॅलन्स व्हीलची केसासारखी बारीक स्प्रिंग) चुंबकत्वाला बळी पडते; तिचे वेढे एकमेकांना चिकटू लागले की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ शकते. फोनवरील होकायंत्र उघडून घड्याळ त्याच्या कडेने हळूहळू फिरवावे. घड्याळाच्या एखाद्या ठरावीक बाजूने सुई जोरात वळत असेल तर चुंबकत्व काढून घ्यावे. ते काम काही सेकंदांचे असते. टॅबलेटच्या आवरणातील चुंबक, स्पीकर आणि पर्सचे चुंबकी बटण हे नेहमीचे कारण असते. घड्याळ मागे पडत असेल आणि पुढे कधीच जात नसेल, तर मात्र चुंबकत्वाची शक्यता कमी समजावी.

आता मुख्य परीक्षा. पूर्ण चावी देऊन, क्रोनोग्राफ बंद ठेवून, २४ तासांत किती सेकंदांचा फरक पडतो ते लिहून ठेवावे. पुन्हा पूर्ण चावी देऊन, क्रोनोग्राफ सतत चालू ठेवून, तेवढ्याच काळाचा फरक लिहावा. सेकंदांचा थोडा फेरबदल क्षम्य आहे, मिनिटांचा नाही. तिसऱ्या वेळी सकाळी पूर्ण चावी देऊन क्रोनोग्राफ बंद ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चावी न देता, तो सुरू करावा. मला ही तिसरी परीक्षा सर्वांत बोलकी वाटते, कारण स्प्रिंग अर्धी उतरलेली असताना भार पेलण्याची ताकद यंत्रात आहे की नाही हे तीच दाखवते. कॅलिबर १८६१ ची चावी सुमारे ४८ तास पुरते, त्यामुळे २४ व्या तासाला क्रोनोग्राफ पेलता न येणे हे अशक्तपणाचे सरळ लक्षण आहे.

घड्याळ थांबले की ते लगेच हलवू नये. भिंगातून लांब काटा कोठे थांबला आहे ते पाहून घ्यावे आणि अशा तीन-चार नोंदी जमवाव्यात. काटा दर वेळी ५८ ते ६० च्या दरम्यान अडकत असेल, तर यंत्र मिनिटांचे चाक ढकलताना दमते आहे, कारण संपूर्ण फेरीतील सर्वाधिक भार तेथेच असतो. मिनिटांच्या चाकाला धरणारी स्प्रिंग जास्त ताठ असणे किंवा मूळ ताकद अपुरी असणे यांपैकी काहीतरी तेथे घडत असते. काटा ६० सोडून दुसऱ्याच एखाद्या ठरावीक जागी, समजा नेहमी २२ च्या आसपास, थांबत असेल तर क्रोनोग्राफच्या चाकाचा एखादा दात वाकलेला असू शकतो, अथवा त्यात कचरा अडकलेला असू शकतो. जागा दर वेळी बदलत असेल तर बोट सरळ कमी झोक्याकडे दाखवावे.

आणखी एक शक्यता काट्यांच्या परस्पर स्पर्शाची आहे. घड्याळ ठरावीक वेळीच, म्हणजे तास आणि मिनिट काटे एकमेकांवर येताना किंवा लांब काटा त्यांच्यावरून जाताना, अडखळत असेल, तर घड्याळ डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरून काट्यांमधील अंतर पाहावे. मागील मालकाने काटे बदलून घेतलेले असतील तर ही गडबड हमखास आढळते. या आवृत्तीचे काटे ‘अल्फा’ घाटाचे, मध्ये रुंद आणि टोकाला निमुळते असतात. दुसऱ्याच घाटाचे काटे दिसले तर विक्रेत्याला त्याविषयी अवश्य विचारावे.

टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाचा फरक आणि झोका मोजणारे उपकरण, उपलब्ध असल्यास या सर्व अंदाजांना आकडा मिळतो, मात्र त्यात लिफ्ट अँगल (झोका काढण्यासाठी उपकरणाला द्यावा लागणारा, यंत्रागणिक ठरलेला कोन) ५० अंश ठेवावा. ही उपकरणे बहुधा ५२ अंशांवर लावून येतात आणि तेवढ्यानेही झोका प्रत्यक्षाहून थोडा अधिक दिसतो. क्रोनोग्राफ बंद असताना आणि चालू असताना, तबकडी वर आणि क्राउन खाली अशा किमान दोन स्थितींत, मापे घ्यावीत. बंद असतानाच पूर्ण चावीवर झोका २३० च्या खाली असेल तर क्रोनोग्राफचा विचार सोडून द्यावा आणि संपूर्ण सर्व्हिसिंग करून घ्यावे. बंद असताना झोका उत्तम आणि सुरू करताच ५०-६० अंशांनी कोसळत असेल, तर दोष खरोखरच क्रोनोग्राफमध्ये आहे : दातांची पकड अतिखोल झालेली असते किंवा मधल्या चाकावर ताण ठेवणारी बारीक स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त आवळलेली असते.

शून्यावर न येणारा काटा

येथे एकच प्रश्न विचारायचा असतो : चूक दर वेळी तेवढीच असते की बदलते? क्रोनोग्राफ निरनिराळ्या क्षणी थांबवावा, म्हणजे एकदा १० सेकंदांना, एकदा २५ ला, एकदा ५० ला, आणि दर वेळी खालचे बटण एका दमात, पूर्ण खोलवर दाबून काटा कोठे येतो ते पाहावे.

चूक नेहमी सारखीच असेल, म्हणजे काटा दर वेळी अर्धा सेकंद पलीकडेच बसत असेल, तर यंत्र आपले काम चोख करत आहे आणि काटा बसवतानाच तो तिरपा बसला आहे. काटा काढून नीट बसवणे एवढाच त्यावरचा उपाय. मात्र हा काटा वारंवार काढल्याने त्याची नळी सैल होते, म्हणून केवळ यासाठी घड्याळ उघडण्यापेक्षा पुढील सर्व्हिसिंगपर्यंत थांबणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

चूक दर वेळी बदलत असेल तर काटा आसावर सैल झालेला असतो किंवा हातोडी पूर्ण बसत नाही. क्रोनोग्राफच्या चाकांवर हृदयाच्या आकाराचे कॅम (उंचसखल कडेच्या चकत्या) असतात, आणि खालचे बटण दाबल्यावर हातोडी त्यांच्यावर आपटून त्यांना फिरवत ठरावीक जागी आणते. सेकंद आणि मिनिट या दोन्ही कॅमवर एकाच वेळी काम होत असल्यामुळे, मिनिटांच्या कॅमवर हातोडी आधी टेकली तर सेकंदांचा कॅम पूर्ण फिरण्यापूर्वीच ती अडते. मिनिटांचा काटा बरोबर शून्यावर आणि लांब काटा मात्र भटकलेला, असे चित्र दिसले तर ही शक्यता कारागिराच्या कानावर घालावी. बटणाच्या नळीत मळ साचल्यानेही दाब अपुरा पडतो. बटण दाबल्यावर ते आळसावून वर येत असेल तर तेथूनच सुरुवात करावी.

क्रोनोग्राफ थांबवलेला असताना, शून्यावर न आणता, घड्याळाला बोटाने हलकी टिचकी मारून पाहावी. काटा सरकला तर ब्रेक चाकाला धरत नाही. १८६१ मधील हा ब्रेक डेलरिन या प्लास्टिकचा असतो आणि संग्राहक त्याविषयी नाके मुरडतात. व्यवहारात मात्र तो धातूच्या ब्रेकइतकेच चोख काम करतो आणि केवळ तो प्लास्टिकचा आहे म्हणून बदलण्याचे काही कारण नाही.

तासांचा लहान काटा आपोआप सरकतो

६ च्या जागी असलेला १२ तासांचा काटा क्रोनोग्राफ बंद असतानाही दिवसभरात हळूहळू पुढे गेलेला आढळणे, ही या यंत्रकुळाची जुनी खोड आहे. तासांची मोजणी मधल्या चाकावरून होत नाही. ती तबकडीखालील वेगळ्या रचनेतून, थेट मुख्य स्प्रिंगच्या डब्यावरून, घर्षणाच्या जोडणीने होते. क्रोनोग्राफ बंद असताना एक तरफ हे चाक अडवून धरते. ती नीट टेकत नसेल किंवा घर्षणाची जोडणी सुकल्यामुळे ताठ झाली असेल, तर काटा रांगू लागतो. सकाळी सर्व काटे शून्यावर आणून क्रोनोग्राफला हात न लावता रात्री पाहिले की खात्री पटते.

याकडे केवळ दिसण्यातील दोष म्हणून पाहू नये, कारण ताठ जोडणी मुख्य स्प्रिंगची ताकदही खाते आणि वरच्या तक्रारीत भर घालते. दुरुस्तीसाठी काटे आणि तबकडी उतरवावी लागते. त्यामुळे केवळ मागील झाकण उघडून झालेल्या ‘सर्व्हिसिंग’मध्ये हा भाग अस्पर्शित राहतो, आणि तो अजूनही रांगत असेल तर झालेले सर्व्हिसिंग कितपत संपूर्ण होते याचा अंदाज येतो.

जे दोष नाहीत

क्रोनोग्राफ सुरू होताना लांब काट्याने किंचित पुढे किंवा मागे हिसका देणे हा आडव्या क्लचचा स्वभाव आहे. दाताच्या टोकावर दात आला की चाकाला थोडे सरकावेच लागते. मिनिटांचा काटा ५८-५९ सेकंदांना हलू लागून मग पुढे उडी घेतो, तेही योग्यच आहे. वरचे बटण कडक लागते आणि ठसक्यात दाबावे लागते, कारण येथे बटणांचे काम खांबांच्या चाकाने (कॉलम व्हीलने) नव्हे तर कॅमच्या रचनेने चालते. क्राउन ओढल्यावर लहान सेकंद काटा थांबत नाही. तशी सोय ३८६१ मध्ये आहे, १८६१ मध्ये नाही. थांबवलेला काटा दोन बारीक रेघांच्या मध्येच राहतो, यावरही तक्रार येते. यंत्र तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला ६ ठोके देते. तबकडीवर सेकंदाचे ५ भाग आखलेले असतील तर ते जुन्या, तासाला १८,००० ठोक्यांच्या यंत्राच्या हिशोबाचे असतात, आणि ५ रेघांत ६ ठोके कधीच नेमके बसणार नाहीत.

पाणी

या घड्याळाची जलरोधकता ५० मीटरची आहे, पण ती नव्या रबरी कड्यांच्या भरवशावर. बटणे पाण्यात कधीही दाबू नयेत. २४ मे १९६२ रोजी ‘ऑरोरा ७’ यानातून गेलेल्या अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर यांचे ब्राइटलिंग कॉस्मोनॉट हे क्रोनोग्राफ अंतराळातून सुखरूप आले आणि यान समुद्रात उतरल्यावर खाऱ्या पाण्याने निकामी झाले. काचेच्या आतून कधीही धुके दिसले असेल, तर इतर सर्व परीक्षा बाजूला ठेवून घड्याळ त्याच दिवशी उघडून घ्यावे, कारण बटणांच्या नळीतून आलेला ओलावा सर्वप्रथम क्रोनोग्राफच्या पोलादी तरफांवरच गंज चढवतो.

कारागिराकडे देताना

या आवृत्तीचे मागील झाकण बंद आणि नक्षीदार आहे; यंत्र बाहेरून दिसत नाही आणि आधी कोणी काय केले ते उघडल्यावरच कळते. म्हणून ‘क्रोनोग्राफ दुरुस्त करा’ असे सांगू नये. क्रोनोग्राफ बंद आणि चालू असतानाचे दैनिक फरक, काटा थांबण्याच्या जागा आणि शून्यावरील चूक स्थिर की बदलती, हे सर्व कागदावर लिहून द्यावे. यंत्र उघडल्यावर त्याचे छायाचित्र मागावे आणि समायोजनाच्या स्क्रूंच्या खाचा पाहाव्यात. त्या ओरबाडलेल्या असतील तर कोणीतरी त्यांच्याशी खेळले आहे आणि दातांची पकड नव्याने, पण मूळ यंत्र स्वच्छ होऊन झोका पूर्ववत झाल्यानंतरच, लावली पाहिजे. हा क्रम उलटा झाला की तक्रार परत येते. काम संपल्यावर झोक्याची मापे पूर्ण चावीवर आणि २४ तासांनंतर, क्रोनोग्राफ बंद व चालू, अशी चारही लिहून मागावीत. जो कारागीर ती देण्यास तयार नाही, त्याच्याकडे हे घड्याळ सोपवू नये.

घड्याळ परत आल्यावर वर सांगितलेली तिसरी परीक्षा पहिल्याच आठवड्यात करावी आणि एकदा क्रोनोग्राफ सलग १२ तास चालवून मिनिटांच्या आणि तासांच्या लहान काट्यांची मोजणी पडताळावी. दुरुस्तीची हमी संपण्याच्या महिनाभर आधी हेच पुन्हा करावे, कारण झाकलेला अशक्तपणा वर यायला काही महिने लागतात आणि तोवर हमीचा कागद हाती असलेला बरा.